मोगल छावणीत वाढलेला छत्रपती : शाहू महाराजांचे बंदिवासातील बालपण

मराठी राज्याच्या इतिहासात सर्वाधिक काळ राज्य करणाऱ्या छत्रपती शाहू महाराजांचे बालपण शत्रूच्या लष्करी छावणीत गेले. सातव्या वर्षी ते रायगडावरून मोगलांच्या कैदेत गेले आणि बाहेर पडले तेव्हा त्यांना पंचवीस वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम दहा दिवस उरले होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज निराळे. हे थोरले शाहू, संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र.

त्यांचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली येथे झाला. मूळ नाव शिवाजी. शाहू हे नाव औरंगजेबाच्या तोंडून रूढ झाले, असे परंपरा सांगते. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची निर्घृण हत्या झाली आणि त्याच महिन्यात इतिकादखानाने, म्हणजेच पुढील झुल्फिकारखानाने, रायगडाला वेढा घातला. त्या वेळी गडावर राजवंशाचे दोन वारस होते. येसूबाईंनी दीर राजाराम यांना गादीवर बसवून गडाबाहेर पाठवण्याचा निर्णय उचलून धरला आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. राज्य वाचवायचे तर वयाने मोठा वारस मोकळा राहिला पाहिजे, हा त्यामागील विचार होता. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले आणि लढा चालू राहिला. या निर्णयाची किंमत मात्र सात वर्षांच्या मुलाने मोजली. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई, शाहू, त्यांचा सावत्र भाऊ मदनसिंग, शिवाजी महाराजांच्या पत्नी सकवारबाई आणि परिवारातील स्त्री-पुरुष यांची रवानगी बादशहाच्या छावणीत झाली.

भोसल्यांच्या मुलांना परमुलूख नवा नव्हता. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे असलेल्या बेंगळुरूत बाल शिवाजी मातोश्री जिजाबाईंसह काही काळ राहिले होते. तेच बेंगळुरू १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्या हवाली केले. आजोबा परमुलखात वडिलांच्या घरी राहिले. नातू मायदेशातच शत्रूच्या डेऱ्यात राहिला.

हा डेरा गुलालबारात होता. बादशहाच्या खास तंबूंभोवती तांबड्या कनातींचे जे कुंपण असे, त्याला गुलालबार म्हणत. शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब मिळाली, म्हणजे कागदोपत्री ते बादशहाचे मोठे सरदार झाले. प्रत्यक्षात कनातीबाहेर स्वेच्छेने पाऊल टाकण्याचीही त्यांना मुभा नव्हती. बेड्या नव्हत्या आणि अन्नवस्त्राची सोय होती. तरीही ती कैदच होती.

छावणी म्हणजे एक चालते शहर होते. इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने १६९५ मध्ये गलगले येथे ती पाहिली. तिचा घेर सुमारे तीस मैल, बाजार अडीचशे आणि माणसे पाच लाखांच्या घरात, असा त्याचा अंदाज आहे. कोरेगाव, विजापूर, गलगले, भीमेकाठचे ब्रह्मपुरी असे मुक्काम पडत आणि उठत गेले. एका जागी रुजणे या मुलाच्या वाट्याला आले नाही. आई जवळ होती, ज्योत्याजी केसरकरांसारखे मोजके निष्ठावंत सेवक होते, एवढाच आधार. औरंगजेबाची कन्या झिनतउन्निसा बेगम हिनेही या मायलेकरांना माया लावली, असे बखरी आणि पुढील इतिहासकार सांगतात. ज्या बादशहाने वडिलांना ठार केले, त्याच्याच मुलीने मुलाची काळजी वाहावी, हे त्या छावणीतील विलक्षण वास्तव होते.

शाहू अठरा वर्षांचे होत असताना, १७०० मध्ये, राजाराम महाराजांचे निधन झाले आणि सातारचा किल्ला मोगलांनी जिंकून त्याचे नाव आझमतारा ठेवले. तीन वर्षांनी कैदेतील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. मे १७०३ मध्ये बादशहाने शाहूंपुढे धर्मांतराचा प्रस्ताव ठेवला आणि त्यांनी तो नाकारला. अखेर त्यांच्याऐवजी सेनापती प्रतापराव गुजर यांच्या दोन पुत्रांनी धर्मांतर पत्करले आणि शाहूंवरील संकट टळले. त्याच सुमारास बादशहाच्या संमतीने छावणीतच त्यांचे विवाह झाले.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ मरण पावला. उत्तरेकडे निघालेल्या शाहजादा आझमने झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने ८ मे १७०७ रोजी भोपाळजवळील दोराहा येथे शाहूंना सोडले. त्यात उदारपणापेक्षा हिशेब अधिक होता. ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावे राज्य चालवले होते. शाहू परतले की मराठ्यांत फूट पडेल, ही अटकळ होती आणि ती खरी ठरली. येसूबाई आणि मदनसिंग यांना ओलीस ठेवून घेण्यात आले.

स्वराज्यात परतलेल्या शाहूंना ओळखणारे थोडेच होते. ताराबाईंच्या पक्षाने त्यांना तोतया ठरवले. ज्या मुलाला राज्यासाठी मागे ठेवले गेले, त्यालाच आपली ओळख पटवून द्यावी लागली, यापेक्षा कठोर अन्याय कोणता? १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याचा पराभव झाला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

परतीच्या वाटेवर मराठवाड्यात पारद गावाशी चकमक झाली. गावचा पाटील लोखंडे मारला गेला आणि त्याच्या विधवेने आपले मूल शाहूंच्या पायांशी ठेवले. युद्धात पोरके झालेले ते मूल त्यांनी आपले म्हणून वाढवले. तेच अक्कलकोट संस्थानाचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले. १७२५ पासूनच्या कर्नाटकातील दोन मोहिमांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. चित्रदुर्ग आणि श्रीरंगपट्टणपर्यंत ही फौज गेली.

शाहूंनी स्वतः तलवार क्वचितच उपसली. मोहिमा त्यांनी बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव आणि नानासाहेब या पेशव्यांवर सोपवल्या आणि मोगल बादशहाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य केले. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा सत्तेचे केंद्र पुण्याकडे सरकले होते. याबद्दल त्यांना दुबळे ठरवणारे अभ्यासक आहेत. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत मराठी राज्य नर्मदा ओलांडून उत्तरेत पसरले. शिवाय दिल्लीशी उघड वैर धरण्यास आणखी एक अडसर होता : त्यांची आई दिल्लीत होती.

राज्याभिषेकानंतर तब्बल अकरा वर्षे तो अडसर कायम राहिला. १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीशी करार झाला, मराठी फौजा दिल्लीला गेल्या आणि मार्च १७१९ मध्ये चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्याच्या सनदा मिळाल्या. करारातील एक कलम राजपरिवाराच्या सुटकेचे होते. त्या वर्षी बाळाजी विश्वनाथ सनदांसह येसूबाईंना घेऊन साताऱ्यास परतले. रायगड सोडून त्यांना तीस वर्षे होत आली होती. दोराह्याला निरोप घेतलेला मुलगा आता सदतीस वर्षांचा होता.