गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन (जन्म : एर्नाकुलम, ८ ऑक्टोबर, इ.स. १९२२, मृत्यू : चेन्नई, ७ एप्रिल, इ.स. २००१) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व जीवभौतिकीचे संशोधक होते. कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी सर्पिल रचना आणि प्रथिनांच्या रचना तपासण्यासाठी जगभर वापरला जाणारा 'रामचंद्रन आलेख' ही त्यांची प्रमुख कार्ये होत. मद्रास विद्यापीठात त्यांनी रेणूंच्या रचनेच्या अभ्यासाची स्वतंत्र परंपरा निर्माण केली.

जन्म आणि शिक्षण

त्यांचे वडील नारायण अय्यर हे एर्नाकुलमच्या महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. गणिताची गोडी रामचंद्रन यांना घरातच लागली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रभावाने ते पुन्हा भौतिकशास्त्राकडे वळले व स्फटिकांवर संशोधन करू लागले. १९४७ ते १९४९ या काळात त्यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करून पीएच.डी. मिळवली.

मद्रास विद्यापीठ

मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारायचा होता. रामन यांनी स्वतः ते पद न स्वीकारता रामचंद्रन यांचे नाव सुचवले. १९५२ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, रामचंद्रन विभागप्रमुख झाले. त्यांनी आपल्या विभागाचा भर क्ष-किरण स्फटिकशास्त्रावर ठेवला.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता त्यांनी कोलॅजेनच्या रचनेचा प्रश्न अजून सुटलेला नाही, याकडे लक्ष वेधले. कोलॅजेन हे त्वचा, हाडे व स्नायुबंध यांना बळकटी देणारे प्रथिन होय. त्याचे नमुने मद्रासमधीलच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळू शकले. कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा नमुना त्यांत होता. क्ष-किरण विवर्तनाची चित्रे आणि रासायनिक माहिती यांची सांगड घालून रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तीन साखळ्यांची रचना मांडली. या प्रथिनात साधारणपणे दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते. ते सर्वांत लहान असल्यानेच तीन साखळ्या इतक्या जवळ येऊ शकतात. पुढील वर्षी त्यांनी या तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याची सुधारणा केली.

आक्षेप आणि रामचंद्रन आलेख

१९५५ मध्ये अलेक्झांडर रिच व फ्रान्सिस क्रिक यांनी या प्रतिमानावर आक्षेप घेतला. काही अणू त्यात प्रमाणाबाहेर जवळ आले आहेत आणि दर तीन अमिनो आम्लांमागे दोनऐवजी एकच हायड्रोजन बंध असावा, असे त्यांचे म्हणणे होते. तीन साखळ्यांचा मूळ आराखडा टिकला. हायड्रोजन बंधाबाबत मात्र पुढे एका बंधाचे मत सर्वमान्य झाले.

अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हा मूळ प्रश्न या वादातून पुढे आला. रामचंद्रन यांनी त्याचे उत्तर मतांतून न शोधता मोजमापांतून शोधले. ज्ञात स्फटिकरचनांतील अणूंची अंतरे गोळा करून त्यांनी प्रत्येक जोडीसाठी किमान अंतर ठरवले. पेप्टाइड बंध सपाट व ताठ असल्याने साखळीचे वळण मुख्यतः दोन कोनांवर ठरते. त्यांना फाय व साय म्हणतात. सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी या कोनांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा बहुतेक जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात, असे दिसून आले. शक्य असलेल्या जोड्यांचे मोजके प्रदेश दाखवणारा आलेख १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही प्रथिनाची नवी रचना निश्चित केल्यावर तिचे कोन या आलेखावर मांडून पाहतात. बिंदू निषिद्ध प्रदेशात पडले, तर त्या भागाची पुन्हा तपासणी करावी लागते.

अध्यापन व शिष्यपरंपरा

विभागाला विद्यापीठ अनुदान आयोगाकडून प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला. १९६३ व १९६७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाले. त्यामुळे मद्रासच्या विद्यार्थ्यांना जगातील आघाडीच्या संशोधकांशी चर्चा करता आली. गोपीनाथ कर्था पुढे अमेरिकेत गेले आणि १९६७ मध्ये रायबोन्यूक्लिएज या विकराची रचना उलगडणाऱ्या गटात त्यांचा प्रमुख सहभाग होता.

उत्तरायुष्य

१९७०च्या सुमारास मद्रास सोडून रामचंद्रन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकी विभागाची स्थापना केली. १९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरण छायाचित्रांपासून वस्तूच्या अंतर्भागाची प्रतिमा उभी करण्याची सोपी गणिती पद्धत मांडली. सीटी स्कॅनच्या विकासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. अखेरच्या वर्षांत ते पार्किन्सनच्या विकाराने ग्रस्त होते. १९९८ मध्ये त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले.

सन्मान

* १९६१ : शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार
* १९७७ : लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व
* १९९९ : आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे एवाल्ड पारितोषिक