विश्लेषण : दुष्काळातून वाचलेल्यांनीच पुढच्यांना सांभाळले... पंडिता रमाबाईंचे केडगाव कसे उभे राहिले?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव हे स्थानक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी या माळरानावर एकाच वेळी सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुले राहत होती. त्यांतील बहुतेक दुष्काळातून वाचलेली होती. त्यांचे जेवण, कपडे, शाळा, शेती आणि छापखाना हे सगळे बायकाच चालवत. या वस्तीच्या मध्यभागी एक चर्च होते आणि वस्ती उभी करणाऱ्या होत्या पंडिता रमाबाई सरस्वती. संस्कृत पंडिता आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून रमाबाई सर्वांना ठाऊक आहेत. मात्र केडगावच्या ख्रिस्ती समूहात दया आणि कृतज्ञता यांना त्यांनी कोणते रूप दिले, याची चर्चा कमी होते.

उपाशी मरण घरातच पाहिलेले

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रसंपन्न. स्त्रीने संस्कृत शिकू नये, असा दंडक असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. रमाबाईंची पहिली गुरू त्यांची आईच.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराणे सांगत देशभर फिरू लागले. १८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. जवळचा पैसा, दागिने, भांडी, सारे संपले. अंगमेहनतीचे काम कधी केलेले नव्हते आणि भीक मागणे कमीपणाचे वाटे. आधी वडील गेले, मग आई, त्यानंतर थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

दोघे पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी जातीने शूद्र मानले जात, त्यामुळे हा विवाह गाजला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या होत्या.

लंडनमध्ये काय पाहिले?

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगासमोर साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हवेत, अशी मागणी केली. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ मध्ये त्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावातील अँग्लिकन सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला.

याच सिस्टर्सचे एक काम लंडनच्या फुलहॅम भागात चाले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे आश्रम होता. त्यांना आजारपणात सांभाळले जाई, काम शिकवले जाई आणि पुन्हा उभे राहण्याची संधी दिली जाई. अशा स्त्रियांविषयी शास्त्रांत काय लिहिले आहे, हे रमाबाईंना पाठ होते. त्यामुळे या दयेचे त्यांना नवल वाटले आणि तिचे मूळ कोठे आहे, हे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. ख्रिस्ती धर्माकडे वळण्यामागे हा अनुभव होता, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

उपकार मानले, पण आज्ञा?

येथेच रमाबाईंच्या आयुष्यातला एक अवघड प्रश्न सुरू होतो. ज्यांनी आसरा दिला, त्यांचे सगळे ऐकणे म्हणजेच कृतज्ञता का? सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांच्याविषयी रमाबाईंना जिव्हाळा होता. तरीही धर्मातील काही सिद्धांत बुद्धीला पटल्याखेरीज मान्य करायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. रमाबाईंनी या हस्तक्षेपाला ठाम विरोध केला. एका धर्माच्या पुरोहितांचे जोखड उतरवून दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांचे घ्यायचे नाही, ही त्यांची भूमिका त्यांच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगावी व्याख्याने दिली. त्यातून बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे वचन तिने दिले.

शारदा सदनावरून वाद का झाला?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. मुलींवर कोणताही धर्म लादायचा नाही आणि ज्यांना आपले सोवळे-ओवळे पाळायचे आहे त्यांना मोकळीक द्यायची, हा नियम होता. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

रमाबाई स्वतः मात्र रोज प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या.

टीकाकारांचा मुद्दा अगदीच हलका नव्हता. जिला दुसरा आसरा नाही, ती विधवा आपल्यावर उपकार करणाऱ्या बाईचा धर्म खरोखर मोकळेपणाने निवडते का, असा तो होता. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपला धर्म लपवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल आणि मुलींना दार बंद करणे हीसुद्धा सक्तीच. या वादाचा निकाल आजही एकमताने लागलेला नाही.

शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचे उदाहरण येथे लक्षात घ्यावे लागते. मार्च १८९३ मध्ये, वाद तापलेला असतानाच, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाल्या. त्यांनी धर्म बदलला नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि बायांनी त्यासाठी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली. रमाबाईंकडे मिळालेले शिक्षण अशा रीतीने एका हिंदू संस्थेच्या कामी आले.

केडगावच का?

बोस्टनच्या मदतीची मुदत दहा वर्षांची होती. नंतर काय, याचा विचार करून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. तेथे फळबाग लावून उत्पन्न मिळवण्याचा बेत होता. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांवर पाऊस भरपूर पडतो, पण पूर्वेकडे दौंडच्या बाजूला येईपर्यंत तो विरळ होतो. त्यामुळे विहिरी खणणे हे पहिले काम ठरले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेथून येणाऱ्या बातम्या वाचताना रमाबाईंना आपले आई-वडील आठवले नसते तरच नवल. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि त्यांनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या. नेमकी त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आली. शहरात इतक्या जणींना एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली आणि सगळा लवाजमा केडगावच्या शेतावर हलवावा लागला.

सरकारच्या राज्यात मिशनचे काम चालते म्हणून रमाबाई गप्प बसल्या नाहीत. प्लेगच्या रुग्णालयांत आणि तपासणीत स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रात पत्र लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले.

मोठ्या मुलींनी काय केले?

आलेल्या मुलींपैकी अनेकींच्या अंगावर फक्त हाडे उरली होती. कित्येक आजारी होत्या आणि काहींना माणसांची धास्ती बसली होती. अन्न दिसले की त्या लपवून ठेवत. एवढ्या जणींना सांभाळायला पगारी माणसे कोठून आणणार?

रमाबाईंनी शारदा सदनातील मोठ्या मुलींकडे मदत मागितली. त्यांतील काही जणींनी दुष्काळातून आलेल्या मुलींचे गट आपल्याकडे घेतले. त्यांना न्हाऊ घालणे, जेवायला बसवणे, रात्री उशाशी झोपणे, अक्षरे गिरवून घेणे ही कामे त्यांच्याकडे आली. काल आश्रित असलेली मुलगी आज शिक्षिका आणि सांभाळणारी झाली. यांतील बऱ्याच जणी उच्चवर्णीय घरांतल्या होत्या आणि आलेल्या मुली नाना जातींच्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचा असे घरी शिकवले गेले होते, त्यांचीच जखम धुणे ही लहान गोष्ट नव्हती.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया तिकडे गेल्या आणि तेराशेहून अधिक जणींना घेऊन आल्या. त्यांना सांभाळायला तीन वर्षांपूर्वी आलेल्या मुली आता तयार होत्या. ज्याने दिले त्यालाच परत करायचे, असा येथे हिशेब नव्हता. मिळालेले पुढच्या व्यक्तीला द्यायचे, ही केडगावची रीत पडली.

दयेला शिस्त कशी लावली?

‘मुक्ती’ हे नाव मिळालेल्या या वस्तीत नुसते अन्नछत्र नव्हते. सप्टेंबर १८९८ मध्ये तिचे रीतसर समर्पण झाले. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई आणि छापखाना असे उद्योग निघाले. प्रत्येकीला शिक्षण आणि हाताला एक काम, असा दंडक होता. अंगमेहनत न येणे किती महागात पडते, हे रमाबाईंनी लहानपणीच पाहिले होते.

वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी घरे झाली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उभे राहिले. फुलहॅममध्ये पाहिलेले काम असे महाराष्ट्रात आले. वृद्ध आणि दुबळ्यांसाठी ‘प्रीती सदन’ होते. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई आणि त्या कामात मनोरमाबाईंचा पुढाकार होता.

चर्च या सगळ्याचे केंद्र होते. उपासना मराठीत चाले. १९०५ मध्ये येथे झालेल्या प्रार्थनेच्या मोठ्या लाटेची नोंद जगभरातील ख्रिस्ती इतिहासात घेतली जाते. केडगावच्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरे. शारदा सदनाच्या काळातला निवडीचा प्रश्न म्हणूनच येथेही लागू होतो, कारण अनाथ मुलीपुढे दुसरा पर्याय फारसा नसे. मात्र त्याच काळात या मुलींना घ्यायला इतर संस्था फारशा पुढे येत नव्हत्या, हेही विसरता येत नाही.

अखेरची वर्षे

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत त्यांना बायबल आणायचे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येणे तोवर खूप कमी झाले होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. एकेकाळी ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याच हातून हा ग्रंथ छापला जात होता.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईनंतर संस्था त्याच चालवतील, असे सगळे धरून चालले होते. मुलीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी अनुवादाचे काम थांबवले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज मागे काय उरले?

भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते. रमाबाईंवरचा धर्मांतराचा वाद अधूनमधून पुन्हा उफाळतो. तो मांडताना त्यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. आसरा देणाऱ्यांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही, पण त्या ऋणापोटी आपले मतही गहाण टाकले नाही. आणि ते ऋण फेडले, ते ज्या मुलींकडे परत देण्यासारखे काही नव्हते त्यांना सांभाळून.