जॅकेटच्या बाहीतला जॅकार्ड

मानखुर्दहून लोकलने जाताना गर्दीत खिशातून फोन काढणं म्हणजे कसरतच. बाहीवर हात फिरवून गाणं बदलणारं जॅकेट गुगल आणि लिव्हायसने २०१७ मध्ये आणलं. त्या प्रोजेक्टला जॅकार्ड हे नाव का, ते मी शोधलं.

जोसेफ मारी जॅकार्ड १७५२ मध्ये फ्रान्समधल्या लिऑंला विणकराच्या घरात जन्मला. १८०४ च्या सुमारास त्याने मागाला छिद्रांची कार्डं जोडली. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. आपलं शून्य-एकच की हे! पण नक्षीसाठी धागे ओढणाऱ्या पोरांची गरज संपली. विणकर भडकले, माग मोडले. मला त्यांचा राग पटतो. तो १८३४ मध्ये वारला. येवल्यातही पैठणीसाठी जॅकार्ड वापरतात. त्या जॅकेटचा वीजवाहक धागाही जॅकार्ड मागावर विणता येतो. बोट टेकलं की त्याची धारिता बदलायची, आणि फोनला कळायचं.