वेशीवर थांबलेली मैना

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावर उभे राहिले, की बंदराच्या पाण्यापलीकडे मुंबई दिसते. पायथ्याच्या बाजूला सिडकोची द्रोणागिरी वसाहत उभी राहिली, १९८९ मध्ये जवळच न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि जी माणसे पूर्वी थेट पलीकडच्या गिरण्यांत शिरत, ती आता अलीकडेही उतरू लागली. कंटेनर यार्डात, गोदामात, ट्रकवर काम करणाऱ्या या माणसांपैकी पुष्कळांचे बिऱ्हाड मुंबई-पनवेलच्या हिशेबात बसत नाही. बायको-मुले गावी, आपण इथे. पोटासाठी झालेल्या या ताटातुटीला मराठीत एक गाणे आहे आणि ते रचणाऱ्याने ती ताटातूट पुस्तकात वाचलेली नव्हती.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच लोकशाहीर अण्णा भाऊ साठे, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. लावणीचे सम्राट मानले गेलेले पठ्ठे बापूराव याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. बापूराव कुलकर्ण्यांच्या घरात जन्मले आणि तमाशासाठी जातीबाहेर गेले. अण्णा भाऊ जन्मले ते मांगवाड्यात, जिथे तमाशा, हलगी आणि पोवाडा दाराशीच होता, पण शाळेचा उंबरठा मात्र लांब होता. ते दीड दिवस शाळेत गेले असे सांगतात. आई वालुबाई गावात राबत होती आणि वडील भाऊराव मुंबईत कामाला होते. नवरा मुंबईला आणि बायको गावाला, हे चित्र त्यांनी प्रथम पाहिले ते आपल्याच घरात आणि तेही गावाकडच्या बाजूने.

१९३१ च्या सुमारास भाऊरावांनी सगळ्या कुटुंबालाच मुंबईची वाट धरायला लावली. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल तिथे पाठ टेकत हे कुटुंब पायी मुंबईला पोचले. मुंबईने त्या पोराला हमाली दिली, बूटपॉलिश दिले, गिरणीतले काम दिले, आणि अक्षरेही दिली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत तो साक्षर झाला. मधल्या काळात गावाकडे परतून नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात त्याने ढोलकी, बतावणी आणि गळा यांचे शिक्षण घेतले. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांशी गाठ पडली. तिथल्या डासांवर रचलेले गाणे ही त्याची पहिली रचना समजतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचून त्याने नाव मिळवले, पण सुरुवात अंगाला चावणाऱ्या डासापासून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अण्णा भाऊंची रचना नेहमी अंगाला काय लागते तिथूनच निघते.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाची जुनी चौकट त्यांनी मोडली नाही, आतला ऐवज बदलला. गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आले, कृष्णाच्या गौळणींना रजा मिळाली. सरकारने बंदी घातली तेव्हा तोच तमाशा लोकनाट्य म्हणून उभा राहिला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्ये मैदानात हजारोंच्या गर्दीपुढे झाली.

याच वाटेवर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ‘माझी मैना’ आली. हे गाणे छक्कड आहे, लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार. लावणीला विरह नवा नव्हता. पेशवाईच्या काळात रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर यांनी विरहाच्या लावण्या रचल्या. पण त्या लावणीतला धनी स्वारीवर गेलेला असतो आणि झुरते ती घरात राहिलेली स्त्री. रचणारा पुरुष, पण बोलते बाई. गेलेल्या माणसाला काय वाटते, हे क्वचितच कोणी विचारले. अण्णा भाऊंनी ते उलटे केले. त्यांच्या छक्कडीत निघून गेलेला पुरुषच बोलतो आणि त्याला कुठल्या मोहिमेने नेलेले नसून गरिबीने ढकलून दिलेले आहे.

गाण्यातला प्रसंग साधा आहे. पहाटेची वेळ, भाकरतुकडा बांधून झालेला, बायको नवऱ्याला गावाच्या कडेपर्यंत पोचवायला आलेली. तिचे तोंड उतरलेले पाहून तो तिला हसवायला बघतो. पत्रे पाठवीन म्हणतो, दागिन्यांनी मढवीन म्हणतो. तोडे, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ अशी एकेका डागाची यादी तो वाचतो. ती काही हसत नाही. ज्या घरातून गाडीभाडे निघत नाही, त्या घरातला हा दागिन्यांचा कबुला ऐकणाऱ्या प्रत्येकाला खोटा आहे हे कळते, त्या दोघांनाही कळते, आणि तरी तो दिल्यावाचून राहवत नाही. मराठीतल्या विरहगीतांत इतके खरे असे खोटे बोलणे दुसरे सापडणे कठीण. पुढे मुंबईत त्याला भेटते ती बेकारांची गर्दी आणि उघड्यावरची पथारी.

आणि मग गाणे वळते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह मराठी राज्याची मागणी नाकारली होती, रस्त्यांवर गोळीबार होत होते, शंभरावर माणसे बळी पडली. शाहीर सांगतो, की माझी आणि मैनेची जी गत झाली, तीच महाराष्ट्राची झाली. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव आणि तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला गोवा हे सारे त्या वेशीवर उभ्या असलेल्या बाईच्या जागी येतात. नकाशावरची रेघ ही शिकलेल्यांच्या वादाची गोष्ट. ती गिरणी कामगाराला आपल्या छातीतल्या कळेसारखी वाटावी, हे काम आयोगांच्या अहवालांना आणि अग्रलेखांना जमण्यासारखे नव्हते. ते या छक्कडीने केले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, पण मैना काही पुरती घरी आली नाही. डांग-उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव-कारवार-निपाणी कर्नाटकात राहिले, आणि त्यांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

गाण्याबाहेरही अण्णा भाऊंनी प्रचंड लिहिले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शिवाय कथासंग्रह. १९५८ मध्ये मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून राबणाऱ्यांच्या हातावर तोललेली असल्याचे बजावले. १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली होती आणि तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना होती. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. या सगळ्याने घरातली चूल मात्र नीट पेटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी बरेचसे लेखन केले. शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, १८ जुलै १९६९ रोजी, विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.

मान नंतर आला, आपल्याकडे येतो तसा. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. पण त्यांना जिवंत ठेवले ते शाहिरांनी आणि जलसेवाल्यांनी. विठ्ठल उमपांच्या गळ्यातून ‘माझी मैना’ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती वेशीवरची पहाट दिसल्याशिवाय राहिलेली नाही.

ही मैना कोण, अण्णा भाऊंच्या संसारातली कोणती, असे काही जण विचारतात. त्याचे उत्तर शोधण्यापेक्षा वालुबाईची आठवण ठेवावी. मुंबईच्या वाटेकडे बघत दिवस काढणारी बाई आणि तिच्याजवळ उभे असलेले, पुढे शाहीर होणारे पोर. आता शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंत पूल झाला आहे, उरणला लोकलही येते. अंतरे तासाभराची झाली. वाटेगाव, किंवा कोणाचेही वाटेगाव, पूर्वी होते तितकेच लांब आहे, कारण ते अंतर कधी मैलांचे नव्हतेच. ते पगाराचे होते. द्रोणागिरीच्या एखाद्या खोलीत रात्रपाळी संपवून माणूस गावी फोन लावतो आणि या दिवाळीला नक्की काहीतरी करू म्हणून सांगतो. पलीकडून थोडा वेळ उत्तर येत नाही. तो काय कबूल करतो आहे, हे दोघांनाही माहीत असते.