एदोआर्दो बस्सिनी : पोटाची भिंत पुन्हा उभारणारा शल्यविशारद

जांघेत एखादा फुगवटा दिसू लागतो, खोकताना किंवा ओझे उचलताना तो वाढतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. या विकाराला आपल्याकडे पूर्वी अंतर्गळ म्हणत. आता हर्निया हाच शब्द रूढ झाला आहे. पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा त्याभोवतीची चरबी बाहेर येते, हे त्याचे कारण. आज या विकाराची शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे. मात्र सुमारे १४० वर्षांपूर्वीपर्यंत तीवर भरवशाचा इलाज नव्हता. बहुतेक रुग्ण कमरेला पट्टा आवळून आयुष्य काढत. बाहेर आलेले आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर मृत्यू अनेकदा अटळ असे. ही परिस्थिती बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने एदोआर्दो बस्सिनी या इटालियन शल्यविशारदाकडे जाते.

बस्सिनी यांचा जन्म १४ एप्रिल १८४४ रोजी इटलीतील पाविया येथे झाला. तेथील विद्यापीठातून १८६६ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. तो काळ इटलीच्या एकीकरणाचा होता. रोम अद्याप पोपच्या सत्तेखाली होते आणि गॅरिबाल्डीच्या विचारांनी भारलेले तरुण ते मुक्त करण्यासाठी निघाले होते. पावियातीलच कैरोली बंधूंच्या सुमारे ७० जणांच्या तुकडीत बस्सिनी सामील झाले. २३ ऑक्टोबर १८६७ रोजी रोमजवळील व्हिला ग्लोरी येथे या तुकडीची पोपच्या सैन्याशी गाठ पडली. एन्रिको कैरोली तेथेच धारातीर्थी पडले. २३ वर्षांच्या बस्सिनींच्या उजव्या जांघेत संगीन घुसली आणि ते शत्रूच्या हाती सापडले.

ही जखम आतड्यापर्यंत पोचली होती. तिचे नाडीव्रणात रूपांतर झाले आणि त्यातून मळ वाहू लागला. सुटकेनंतर पाविया येथील प्राध्यापक लुइजी पोर्ता यांच्या देखरेखीखाली ते दीर्घकाळ उपचार घेत राहिले आणि सावरले. पुढे पोर्ता यांचेच साहाय्यक म्हणून त्यांनी शल्यकर्माचे धडे घेतले. ज्या जागेच्या रचनेचा त्यांनी पुढे आयुष्यभर अभ्यास केला, त्याच जागेचे दुखणे त्यांनी तरुणपणी स्वतः भोगले होते.

त्यानंतर बस्सिनींनी युरोपातील नामवंत शल्यविशारदांचे काम जवळून पाहिले. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ, बर्लिनमध्ये लांगेनबेक आणि ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांना ते भेटले. जखमेत जंतू शिरू न देण्याची लिस्टर यांची पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली. ला स्पेझिया येथील रुग्णालयात काही काळ काम केल्यावर १८८२ मध्ये ते पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढची सुमारे ३७ वर्षे हीच त्यांची कर्मभूमी होती.

त्यांच्या आधीचे शल्यविशारद बाहेर आलेली पिशवी बाहेरच्या तोंडाशी बांधत किंवा कापत आणि जखम भरून येताना होणाऱ्या व्रणाच्या भरवशावर राहत. हा व्रण पोटातील दाबापुढे टिकत नसे आणि हर्निया पुन्हा होई. बस्सिनींनी या अपयशाचे मूळ शरीररचनेत शोधले. जांघेत वृषणाकडे जाणाऱ्या नलिका व रक्तवाहिन्यांसाठी एक तिरका मार्ग असतो. निरोगी माणसात या मार्गाची मागची भिंत भक्कम असते. हर्नियात तीच ढासळलेली असते. तेव्हा पिशवी बांधणे पुरेसे नाही, ही भिंत पुन्हा उभारली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८८४ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात आणली. वरचा चिवट पापुद्रा उघडायचा, मार्गाची मागची भिंतही उघडायची, पिशवी अगदी मुळाशी बांधायची. मग आतील स्नायू आणि त्यांखालचा पडदा असे तिन्ही थर एकत्र घेऊन ते रेशमी टाक्यांनी जांघेच्या काठावरील बळकट बंधाला जोडायचे, असे तिचे स्वरूप होते. भूल उतरत असताना रुग्णाला उमासे आणून ते टाक्यांची परीक्षाही घेत.

१८८७ मध्ये जिनोआ येथील परिषदेत त्यांनी आपले काम मांडले आणि १८८९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात २६२ शस्त्रक्रियांचा तपशील होता. बहुतेक रुग्णांचा त्यांनी पुढेही मागोवा घेतला होता. काहींचा तर साडेचार वर्षांपर्यंत. हर्निया पुन्हा झाल्याचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. रुग्ण घरी गेला की तो बरा झाला, असे मानण्याच्या त्या काळात हा काटेकोर हिशेब विलक्षणच म्हणावा लागेल.

कीर्ती वाढली, तशी या पद्धतीची नक्कलही वाढली. अनेकांनी मागची भिंत उघडण्याचा कष्टाचा भाग गाळला आणि केवळ वरचे स्नायू ओढून शिवले. परिणामी हर्निया पुन्हा होऊ लागला आणि दोष बस्सिनींच्या नावावर जमा झाला. १९३० च्या दशकात त्यांचे शिष्य अत्तिलिओ कातेरिना यांनी सचित्र ग्रंथाद्वारे मूळ पद्धत जगापुढे ठेवली. टोरांटोच्या शौल्डिस रुग्णालयाची नावाजलेली पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे.

१९०४ मध्ये बस्सिनी इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जुलै १९२४ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीलाही मर्यादा होती. दूरचे थर ओढून शिवले की टाक्यांवर ताण येतो. पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून होणाऱ्या हर्नियात हा ताण विशेष जाणवतो. १९५८ पासून अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी कृत्रिम धाग्यांच्या जाळीचा पुरस्कार केला, तो यासाठीच. अशा व्रणातील हर्नियाची पहिलीच दुरुस्ती केलेल्या रुग्णांचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के, तर जाळीनंतर २४ टक्के रुग्णांत हर्निया पुन्हा झाला. जांघेच्या हर्नियातही आता अनेक ठिकाणी जाळी वापरतात. दुसरीकडे, पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये रुग्णाच्याच पापुद्र्याची पट्टी वापरणारी, जाळीविरहित पद्धत मांडली.

साधने बदलली, तरी या साऱ्या पद्धतींची कसोटी एकच आहे. भिंत पुन्हा उभी राहिली का आणि ती वर्षानुवर्षे टिकली का, हे रुग्णाला शोधून तपासावे लागते. बस्सिनींनी घालून दिलेला हा पायंडा त्यांच्या टाक्यांपेक्षाही अधिक काळ टिकला आहे.