चित्रवेडा म्हातारा



अंकासाठी कुणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहून दे, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. मी सातवी शिकलेली; संतांवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. म्हणून मी जपानचा चित्रकार होकुसाई निवडला. मुलीने त्याचे धबधब्याचे चित्र दाखविले आणि मला श्रावणातली आपली शिवथर घळच आठवली.

होकुसाई १७६० साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत जन्मला. आरसे घडविणाऱ्याच्या घरी तो वाढला आणि कोवळ्या वयात लाकडी ठसे कोरू लागला. पातळ कागदावरचे चित्र चेरीच्या फळीवर उपडे चिकटवून कोरीत. जितके रंग तितक्या फळ्या. अशी छापील चित्रे साध्या माणसालाही परवडत. अठराव्या वर्षी तो नटांची चित्रे काढणाऱ्या गुरूकडे गेला. पण पुढे त्याचे मन पाण्यात, पाखरांत व फुलांतच रमले.

संसारात सुख थोडे. दोन बायका वारल्या; नातवाने कर्ज केले, ते आजोबाच्या डोक्यावर आले. घर झाडायचे नाही, फार घाण झाली की बिऱ्हाड हलवायचे. अशी ९३ बिऱ्हाडे केली म्हणतात! आपण तर अशाला ओटीवरही उभे केले नसते.

चाळिशी उलटली, आता काय शिकायचे, असे मी म्हणत असे. याची नावाजलेली चित्रे सत्तरीनंतरची! १८३३ च्या सुमारास त्याने आठ धबधबे काढले. प्रत्येकाचे पाणी निराळे. एकात ते झाडाच्या मुळ्यांसारखे फुटून खाली येते. दुसऱ्या एका चित्रात वाऱ्याने फुलाच्या पाकळ्या उलटल्या आहेत आणि फुलपाखरू त्या झोतात सापडले आहे. पंचाहत्तरीच्या सुमारास त्याने स्वतःला नवे नाव घेतले, ‘चित्रवेडा म्हातारा’.

त्याची मुलगी ओई हीही चित्रकार. नवऱ्याच्या कच्च्या चित्रांना ती हसे, म्हणे. काडीमोड झाल्यावर ती बापाकडे परतली व त्याच्याबरोबर काम करू लागली. बापाच्या उतारवयातील चित्रांत तिचा हात असावा, असे जाणकार मानतात. तिच्या नावावर मात्र मोजकीच चित्रे उरली आहेत. मला याची फार चुटपुट लागते.

१८३९ मध्ये घराला आग लागून चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. म्हाताऱ्याने पुन्हा कुंचला हाती घेतला. जपानच्या रानात वाघ नाही. तरी १८४९ साली, निधनापूर्वी काही महिने, त्याने बर्फातून वर वर चाललेला एक म्हातारा वाघ काढला. ओई शेवटपर्यंत जवळ होती.