गोन्सालो गार्सिया : वसईचे दुभाषी धर्मबंधू

भारतात जन्मलेल्या व्यक्तींपैकी कॅथलिक चर्चने संतपद दिलेले पहिले गृहस्थ म्हणून गोन्सालो गार्सिया यांचे नाव घेतले जाते. ते धर्मगुरू नव्हते, धर्मबंधू होते, ही गोष्ट मात्र सहसा दुर्लक्षित राहते. वास्तविक त्यांच्या चरित्राचा अर्थ या दुसऱ्या गोष्टीतच अधिक साठलेला आहे. धर्मबंधुत्वाची वाट त्यांना सरळ सापडली नाही. नकार, व्यापार आणि समुद्रप्रवास यांतून फिरत ती त्यांच्यापर्यंत आली आणि या साऱ्या वळणांवर त्यांच्याजवळ एकच भांडवल टिकून होते, ते म्हणजे भाषा.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढच्या दोन दशकांत तेथे तटबंदी, चर्च, मठ आणि पाठशाळा उभ्या राहिल्या. या वसाहतीत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई भारतीय. घरात दोन भाषा आणि दोन समाज एकत्र नांदत असलेल्या मुलास दुभाषीपण वेगळे शिकावे लागत नाही. ते त्याच्या अंगवळणीच पडते. किल्ल्यातील येशूसंघीयांच्या पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले. त्या संघाच्या धर्मगुरूंच्या सहवासातच, किशोरवयात, १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ते जपानला गेले.

जपानमधील ख्रिस्ती कार्याचा आरंभ १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी केला होता. गोन्सालो तेथे पोहोचले तेव्हा धर्मगुरूंची संख्या अल्प होती व जपानी भाषा ही त्यांची मोठी अडचण होती. तरुण गोन्सालो यांनी ती भाषा लोकांत वावरून आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून ते येशूसंघीयांच्या हाताखाली अनेक वर्षे राबले. त्या संघात आपणास प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पौर्वात्य प्रदेशांतील संघकार्याचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो हे भारतात जन्मलेल्या व मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेण्याच्या विरुद्ध होते. गोन्सालो यांना मिळालेला नकार या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. सेवा स्वीकारली जात होती. सेवा करणाऱ्यास मात्र घरातले मानले जात नव्हते.

या नकारानंतर ते व्यापाराकडे वळले. पूर्व आशियाच्या बंदरांत पोर्तुगीज व जपानी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला तोटा नव्हता. व्यापारात त्यांचा जम बसला, पैसा मिळाला, परिचय वाढले. परंतु मूळची ओढ शमली नाही. व्यापाराच्या निमित्ताने फिलिपीन्समधील मनिला हे स्पॅनिश ठाणे त्यांच्या वाटेवर आले. फ्रान्सिस्कन संघीय १५७७ मध्ये तेथे आले होते. अनवाणी चालणाऱ्या, कमालीचे दारिद्र्य पाळणाऱ्या शाखेचे ते साधू होते. मिळवलेले सारे सोडून १५८० च्या दशकाच्या अखेरीस गोन्सालो या मठात दाखल झाले, ते धर्मबंधू म्हणून.

धर्मबंधू म्हणजे कोण, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. धर्मगुरू आणि धर्मबंधू या दोघांची व्रते एकच असतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. तथापि धर्मबंधूस गुरुदीक्षा नसते. तो मिस्सा अर्पण करीत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. स्वयंपाक, बाग, भिक्षा, रुग्णसेवा, दारावरील पाहुण्यांची विचारपूस हा त्याचा परंपरेने चालत आलेला कामाचा वाटा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये संघप्रवेशाचे नियम कडक केले होते. संघवस्त्र धारण केल्यावर पूर्ण एक वर्ष उमेदवारीत काढल्याशिवाय आणि वयाची सोळा वर्षे पुरी झाल्याशिवाय कोणासही व्रते घेता येत नसत. तिशी ओलांडलेल्या, स्वतःच्या पेढीवर हुकूम चालविलेल्या माणसाने ही उमेदवारी पत्करली, यातच त्या निवडीचे मोल दिसते. पोरवयात मागितलेले आणि न मिळालेले ते प्रौढ वयात त्यांनी पुन्हा मागितले. या वेळी मागताना सोडण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते.

मात्र मठाच्या भिंतींआड त्यांचे आयुष्य सरावयाचे नव्हते. फिलिपीन्सने आपले स्वामित्व मान्य करावे, अशी मागणी जपानचा सर्वसत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने केली होती. तिला उत्तर म्हणून मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून धाडले. शिष्टमंडळात गोन्सालो होते, कारण जपानी त्यांनाच येत होते. ज्या देशात त्यांना नकार मिळाला होता, त्याच देशात ते संघवस्त्र परिधान करून परतले. कोरियावरील स्वारीसाठी क्यूशूमधील नागोया येथे तळ दिलेल्या हिदेयोशीपुढे वकिलाचे बोलणे त्यांच्या मुखातून पोहोचले. पदाने ते शिष्टमंडळातील कनिष्ठांपैकी एक. तरी त्यांच्यावाचून वरिष्ठांचा शब्द उमटत नव्हता.

हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मप्रचारकांच्या हकालपट्टीचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी सैल होती. फ्रान्सिस्कनांना क्योतो येथे राहण्याची मुभा मिळाली. १५९४ मध्ये तेथे त्यांचे चर्च व मठ उभे राहिले. जवळच महारोग्यांसाठी रुग्णालये चालू झाली. जपानमधील कार्य पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये येशूसंघाकडे राखून ठेवले होते, त्यामुळे दोन संघांत तेढ निर्माण झाली. एका संघाने घडविलेले आणि दुसऱ्या संघाने स्वीकारलेले गोन्सालो या तेढीच्या मध्यभागी उभे होते.

१५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत वादळाने तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल हिदेयोशीने जप्त केला. धर्मप्रचारक हे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत होत, हा संशय या प्रकरणाने बळावला. डिसेंबरात क्योतो व ओसाका येथे धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि शहरोशहरी त्यांची धिंड काढून भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. आरंभी ते चोवीस होते. वाटेत दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि बाकीचे सामान्य ख्रिस्ती होते. काही तर कोवळी मुले होती. जिवंतपणी वेगळे राहिलेले दोन संघ येथे एका रांगेत आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी सव्वीसही जणांना संतपद दिले. चर्चच्या सार्वत्रिक पंचांगात ६ फेब्रुवारीचा स्मरणदिन पॉल मिकी आणि त्यांचे सहकारी या नावाने आहे. गोन्सालो तेथे नावाने नाहीत, सहकाऱ्यांत आहेत. २००८ मध्ये केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळाले, तेव्हा पहिल्या भारतीय संत म्हणून त्यांचा उल्लेख अनेकांनी केला, तोही याच विस्मरणाचा भाग होय.

मराठी वाङ्मयेतिहासात गोन्सालो यांच्या नावावर ग्रंथ नाही. त्यांच्या हयातीतच, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स गोव्यात आले आणि पुढे १६१६ मध्ये त्यांच्या ख्रिस्तपुराणाने ख्रिस्ती मराठी काव्याची परंपरा उजळली. परक्या देशातून आलेला धर्मगुरू मराठीत कवी झाला, तर वसईत जन्मलेला धर्मबंधू आपले भाषासामर्थ्य घेऊन जपानला गेला. दुभाष्याचे बोलणे ज्या क्षणी पोहोचते त्याच क्षणी संपते. त्याचा ग्रंथ होत नाही. भाषांमधील देवघेवीचा इतिहास लिहिताना ग्रंथकर्त्यांच्या नामावळीबाहेर राहिलेल्या अशा माणसांचाही हिशेब ठेवावा लागेल.

निशिझाकावर १९६२ मध्ये शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडविलेले सव्वीस ब्राँझ आकृतींचे स्मारक उभे राहिले. तिकडे १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात चर्च व मठांच्या भिंती छपरावाचून उभ्या आहेत. त्या परिसरातील ख्रिस्ती समाज आपल्या बोलींतून आजही गोन्सालो यांचे स्मरण करतो.